निर्वासित बुद्धिबळपटु मिगेल नायडॉर्फ

बुद्धिबळांचा पट हातभर लांब आणि हातभर रुंद. त्यावरच्या लढाईंत हत्ती पडतात, घोडे पडतात, प्रसंगीं वजीरहि बळी जातो. पण डाव संपला कीं तेच मोहरे पुन्हां आपापल्या घरांत उभे राहतात आणि नवा डाव सुरू होतो. खऱ्या युद्धांत पडलेल्या माणसांना अशी दुसरी संधि नसते. या दोन युद्धांमधील हा फरक ज्यानें स्वतःच्या आयुष्यांत भोगला, असा विसाव्या शतकांतील एक थोर खेळाडू म्हणजे मिगेल नायडॉर्फ. बुद्धिबळाच्या शौकिनांना त्याचें नांव परिचित आहे, कारण एका प्रसिद्ध बचावाला तें कायमचें चिकटलें आहे. परंतु त्याच्या सर्वांत मोठ्या पराक्रमामागें केवळ कीर्तीची हांव नव्हती. दूर राहिलेल्या आपल्या माणसांपर्यंत एक निरोप पोंचावा, हा त्यामागील हेतु होता. तो निरोप कोणता, आणि त्याचें पुढें काय झालें, हें समजून घेण्यासाठीं त्याच्या चरित्राकडे वळलें पाहिजे.

पोलंडची राजधानी वॉर्सा. तिच्याजवळच ग्रोजिस्क माझोव्येत्स्की नांवाचें एक गांव आहे. तेथें १५ एप्रिल १९१० रोजीं एका ज्यू कुटुंबांत नायडॉर्फचा जन्म झाला. त्या काळीं पोलंड हें स्वतंत्र राष्ट्र नव्हतें. वॉर्सा आणि आसपासचा मुलूख रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. मुलाचें घरांतलें नांव मेंडेल, पोलिश समाजांत तो म्येचिस्वाव या नांवानें वावरला, आणि पुढें परदेशीं गेल्यावर मिगेल झाला. एका माणसाला तीन भाषांतील तीन नांवें घ्यावीं लागलीं, यावरूनच त्याच्या आयुष्याची दिशा ध्यानांत येते.

मोठे बुद्धिबळपटु बहुधा पांचव्या-सहाव्या वर्षीं पटाशीं बसतात. नायडॉर्फ मात्र चौदा वर्षांचा होईपर्यंत या खेळाला अनोळखी होता. एका मित्राच्या वडिलांनीं त्याला मोहऱ्यांच्या चाली दाखविल्या, असें सांगतात. पण उशिरां शिकला तरी तो योग्य ठिकाणीं शिकला. त्या काळांत पोलंड हें बुद्धिबळाचें माहेरघर होतें. १९३० सालीं हॅम्बुर्ग येथील ऑलिंपियाडमध्यें पोलंडच्या संघानें पहिला क्रमांक पटकाविला होता. डाविड प्शेप्युर्का आणि साव्हिएली तार्ताकोवर या दोन नामांकित खेळाडूंचें मार्गदर्शन नायडॉर्फला लाभलें. तार्ताकोवर स्वतः भटका मनुष्य. रशियांत जन्मलेला, पॅरिसमध्यें राहणारा आणि पोलंडच्या बाजूनें खेळणारा. त्याचा उल्लेख नायडॉर्फ जन्मभर ‘माझे गुरुजी’ असाच करीत असे.

ऐन तारुण्यांत वॉर्सामध्यें ग्लुक्सबर्ग नांवाच्या खेळाडूविरुद्ध तो एक डाव खेळला. काळे मोहरे घेऊन खेळतांना त्यानें आपले दोन्ही उंट आणि दोन्ही घोडे एकामागून एक बळी दिले. पांढऱ्या राजाला त्याच्या किल्ल्यांतून ओढून पटाच्या मध्यभागीं आणलें, आणि बाविसाव्या खेळीला एका साध्या प्याद्यानें त्याच्यावर मात केली. ‘पोलंडचा अमर डाव’ म्हणून तो आजहि पुस्तकांतून छापला जातो. १९३५ सालीं वॉर्सा येथें आणि १९३७ सालीं स्टॉकहोम येथें ऑलिंपियाड भरलें. त्या दोन्ही वेळीं तिसरा क्रमांक मिळविणाऱ्या पोलिश संघांत नायडॉर्फ होता. लग्न झालें होतें. एक लहान मुलगी होती. पोलंडमध्यें त्याचें भवितव्य उज्ज्वल दिसत होतें.

१९३९ सालचें ऑलिंपियाड प्रथमच युरोपबाहेर, दक्षिण अमेरिकेंत, अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथें ठरलें. जुलैच्या अखेरीस बेल्जममधील अँटवर्प बंदरांतून ‘पिरिआपोलिस’ नांवाची बोट निघाली. तिच्यावर युरोपांतील अनेक देशांचे खेळाडू होते. तीन आठवड्यांचा तो सागरप्रवास. आदल्या सप्टेंबरांत म्यूनिकचा करार झाला होता, मार्चमध्यें जर्मन फौजा प्रागमध्यें शिरल्या होत्या. युरोपच्या क्षितिजावर ढग दाटलेले सर्वांनाच दिसत होते. तरी बोटीवरच्या बहुतेकांना महिन्या-दोन महिन्यांत घरीं परतण्याची खात्री वाटत असावी. नायडॉर्फची पत्नी आणि मुलगी, आई-वडील आणि चार भाऊ पोलंडमध्येंच राहिले होते. त्याचें वय त्या वेळीं एकोणतीस वर्षांचें होतें.

ऑगस्टच्या उत्तरार्धांत पोलितेआमा नाट्यगृहांत सामने सुरू झाले. सत्तावीस देशांचे संघ जमले होते. क्यूबाच्या संघाच्या अग्रभागीं कापाब्लांका, फ्रान्सच्या अग्रभागीं जगज्जेता अलेखिन असे दोन दिग्गज एकाच सभागृहांत वावरत होते. प्राथमिक फेऱ्या आटोपून अंतिम फेरीला आरंभ होण्याच्या सुमारास, १ सप्टेंबर रोजीं, जर्मनीनें पोलंडवर स्वारी केल्याची वार्ता आली. दोनच दिवसांनीं इंग्लंड आणि फ्रान्स युद्धांत उतरले. इंग्लंडच्या संघानें स्पर्धा सोडली. त्या संघांतील अलेक्झांडर, मिल्नर-बॅरी आणि गोलोम्बेक हे तिघे पुढें ब्लेचली पार्क येथें शत्रूचे सांकेतिक संदेश उकलण्याच्या गुप्त कामावर रुजू झाले, ही गोष्ट बऱ्याच वर्षांनंतर जगाला कळली.

बाकीच्यांचें काय करावें, हा संयोजकांपुढें मोठाच पेंच पडला. ज्यांचीं राष्ट्रें रणांगणावर एकमेकांचे गळे कापीत होतीं, ते खेळाडू समोरासमोर बसून पटावर कसे खेळणार? अखेर तडजोड झाली. जर्मनीचे पोलंड, फ्रान्स आणि पॅलेस्टाइन यांच्याशीं व्हावयाचे सामने न खेळतांच दोन-दोन गुणांनीं बरोबरीत सुटल्याचें ठरविण्यांत आलें. अंतिम निकाल लागला तेव्हां जर्मनीचे गुण ३६ आणि पोलंडचे ३५॥ होते. अवघ्या अर्ध्या गुणानें सुवर्णपदक हुकलें, आणि ज्या सामन्यानें निकाल पालटूं शकला असता तो सामना झालाच नाहीं. दुसऱ्या पटावरील सर्वांत उत्कृष्ट कामगिरीबद्दलचें वैयक्तिक सुवर्णपदक नायडॉर्फला मिळालें. स्पर्धा १९ सप्टेंबरला संपली. तोंपर्यंत वॉर्साला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता आणि पूर्वेकडून सोव्हिएट फौजाहि पोलंडमध्यें शिरल्या होत्या. पदक घेऊन परत जावें असा देशच शिल्लक उरला नव्हता.

कित्येक खेळाडू अर्जेंटिनांतच राहिले. स्वीडनचा स्टॉलबर्ग, पॅलेस्टाइनचा चेर्निआक, पोलंडचा फ्रीडमन राहिले. एवढेंच नव्हे तर विजयी जर्मन संघांतले पांचहि जण स्वदेशीं गेले नाहींत. नाझी राजवटीशीं फारकत घेतलेली सोंजा ग्राफ ही जर्मन महिला, स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेंत कोणत्याहि राष्ट्राचें निशाण न लावतां खेळली आणि मागें राहिली. जे परत गेले त्यांतील कांहींच्या नशिबीं काय आलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. ती स्पर्धा जिंकणारी व्हेरा मेंचिक लंडनला परतली आणि १९४४ सालीं तेथें जर्मनांच्या उडत्या बाँबला बळी पडली. तार्ताकोवर युरोपांत जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सेनेंत दाखल झाला. वॉर्सामध्येंच असलेल्या प्शेप्युर्काला तर १९४० च्या जानेवारींत, बुद्धिबळाची मंडळी जमलेली असतांनाच पकडण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं पाल्मिरीच्या अरण्यांत गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. नायडॉर्फ ऑगस्ट महिन्यांत वॉर्सामध्यें असता तर त्याची गत याहून निराळी झाली असती, असें मानण्यास आधार नाहीं.

बुद्धिबळानें त्याचा जीव वांचविला, यांत संशय नाहीं. पण त्याच बुद्धिबळानें त्याला घरच्या माणसांपासून ऐन संकटाच्या क्षणीं हजारों मैल दूर नेऊन ठेविलें होतें. हातीं पैसा नाहीं, तोंडीं स्पॅनिश भाषा नाहीं, आणि पोलंडहून येणारीं पत्रें बंद झालेलीं. अशा स्थितींत त्यानें नवें आयुष्य उभारण्यास आरंभ केला. ऑलिंपियाडपाठोपाठ ब्वेनोस आयरेसमध्यें झालेल्या एका स्पर्धेंत एस्टोनियाच्या पॉल केरेससह तो पहिला आला. पुढें मार देल प्लाता येथील वार्षिक स्पर्धा त्यानें अनेकदां जिंकल्या. पण केवळ पटावर पोट भरत नव्हतें. त्यानें विमा विकण्याचा धंदा पत्करला. माणसांत मिसळणारा, बोलका, कोणाशींहि चटकन् मैत्री करणारा त्याचा स्वभाव त्या धंद्याला मानवला, आणि कालांतरानें तो चांगला सधन झाला. १९४४ सालीं तो अर्जेंटिनाचा नागरिक झाला.

बाहेरून पाहणाराला हा एका यशस्वी निर्वासिताचा संसार वाटला असता. आंत मात्र एकच प्रश्न त्याला जाळीत होता. घरचीं माणसें कोठें आहेत? जिवंत आहेत काय? आणि असलींच, तर आपण जिवंत आहों हें त्यांना कसें कळवावें? टपाल चालत नव्हतें. वॉर्सामधील ज्यू वस्तीभोंवतीं भिंत उभारली गेली होती. मग त्याच्या मनांत आलें कीं, आपण असें कांहीं करून दाखवावें कीं त्याची बातमी साऱ्या जगांतील वर्तमानपत्रें छापतील. ती पोलंडमध्यें, जर्मनींत, रशियांत कोठें तरी आपल्यापैकीं एकाच्या नजरेस पडेल, आणि नायडॉर्फ जिवंत आहे हें त्याला कळेल. एका बुद्धिबळपटूजवळ याकरितां साधन तें काय असणार? त्यानें पट न पाहतां खेळण्याचा जागतिक उच्चांक मोडण्याचें ठरविलें.

हा प्रकार कसा चालतो तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. प्रतिस्पर्धी आपापले पट मांडून बसतात. एकटा खेळणारा त्यांच्याकडे पाठ करून किंवा वेगळ्या खोलींत बसतो. त्याच्यापुढें पटहि नसतो आणि मोहरेहि नसतात. अमुक क्रमांकाच्या पटावर अमुक खेळी झाली, असें त्याला पुकारून सांगतात, आणि तो उत्तरादाखल आपली खेळी सांगतो. मग पुढचा पट. एखाद-दुसरा डाव असा खेळणारे पुष्कळ सांपडतात. पण डावांची संख्या वाढली म्हणजे ते एकमेकांत मिसळूं लागतात. एका पटावरचा उंट दुसऱ्या पटावर दिसूं लागतो. म्हणून सराईत खेळाडू डावांचे गट पाडतात. पहिल्या पांच-सहा पटांवर एका प्रकारची सुरुवात, पुढल्यांवर दुसऱ्या प्रकारची, अशी व्यवस्था लावतात, म्हणजे प्रत्येक डावाला स्वतःचा चेहरा येतो. एवढें करूनहि डोक्यावर पडणारा भार विलक्षणच असतो.

१९३७ सालीं कोल्टानोव्स्की या बेल्जियन खेळाडूनें एडिंबरो येथें असे ३४ डाव खेळून दाखविले होते. नायडॉर्फनें ऑक्टोबर १९४३ मध्यें अर्जेंटिनांतील रोसारिओ शहरीं ४० डाव मांडले. त्यांपैकीं ३६ जिंकले, तीन हरले, एक बरोबरींत सुटला. अशा एका प्रयोगानंतर तीन दिवस त्याला झोंप लागली नाहीं. शेवटीं एका सिनेमागृहांत जाऊन बसला तेव्हां कोठें डोळा लागला, असें तो पुढें सांगत असे. डोळे मिटले कीं पट पुन्हां डोळ्यांपुढें येत. त्यांना हटविण्यासाठीं दुसरीं चित्रें पाहणें हाच उपाय उरला होता.

निरोपाला उत्तर आलें नाहीं. युद्ध संपलें; तरीहि युरोपांतील निर्वासितांच्या छावण्यांत लाखों माणसें एकमेकांचा शोध घेत होतीं. १९४७ च्या जानेवारींत ब्राझीलमधील साओ पाउलो येथें नायडॉर्फ पुन्हां बसला. या वेळीं पट होते ४५. म्हणजे आरंभीं १,४४० मोहरे आणि २,८८० घरें. साडेतेवीस तासांच्या आसपास खेळ चालला. ३९ डाव जिंकले, चार बरोबरींत सुटले, दोन गमावले. पुढें कांहीं जणांनीं या विक्रमांच्या देखरेखीविषयीं शंका काढल्या, तरी हा ४५ चा आंकडा या खेळाच्या इतिहासांत दीर्घकाळ शिखरासारखा उभा राहिला. २०११ सालीं मार्क लांग या जर्मन खेळाडूनें ४६ डाव खेळून तो ओलांडला, तोंपर्यंत चौसष्ट वर्षें लोटलीं होतीं.

वर्तमानपत्रांनीं बातमी छापली. पण जिच्यासाठीं एवढा खटाटोप केला त्या बातमीचे वाचक उरले नव्हते. पत्नी, मुलगी, आई, वडील, चारहि भाऊ, सर्व जण नाझींच्या संहारांत नाहींसे झाले होते. पंचेचाळीस पट डोक्यांत सांभाळणाऱ्या त्या माणसाला घरच्या आठवणीहि तशाच सांभाळाव्या लागल्या. त्यानें अर्जेंटिनांत पुन्हां विवाह केला, त्याला दोन मुली झाल्या, आणि ब्वेनोस आयरेस हेंच त्याचें घर झालें.

खेळाडू म्हणून त्याचा उत्कर्षकाळ याच सुमाराचा. १९४६ सालीं हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथें शेवटच्या फेरींत त्यानें स्पर्धेचा विजेता बोटविन्निक याला हरविलें आणि त्याच वर्षीं प्राग येथील स्पर्धा जिंकली. अलेखिन निधन पावल्यामुळें जगज्जेतेपद रिकामें होतें. १९४८ सालीं तें ठरविण्यासाठीं सहा खेळाडू निवडले गेले. अमेरिकेच्या फाइननें माघार घेतली, तरी रिकाम्या जागीं नायडॉर्फला बोलावणें आलें नाहीं. हा त्याच्यावर झालेला अन्याय होता, असें अनेक जाणकारांचें मत आहे. १९५० सालीं जागतिक संघटनेनें सत्तावीस खेळाडूंना पहिल्यानेंच अधिकृत ग्रँडमास्टर ही पदवी दिली. त्यांत तो होता. त्याच वर्षीं बुडापेस्ट येथें आणि १९५३ सालीं झुरिक येथें जगज्जेत्याला आव्हान देणारा ठरविण्याच्या स्पर्धांत तो खेळला; पण अव्वल स्थान मिळालें नाहीं. अमेरिकेच्या सॅम्युएल रेशेव्हस्कीशीं झालेले दोन्ही सामने, १९५२ मधला ७ विरुद्ध ११ आणि १९५३ मधला ८॥ विरुद्ध ९॥, असे त्यानें गमावले. हा रेशेव्हस्कीहि मूळचा पोलंडमधलाच ज्यू, बालपणीं अमेरिकेंत गेलेला. दोन देशांचे अग्रगण्य खेळाडू म्हणून समोरासमोर बसलेले हे दोघे जन्मले होते एकाच मुलखांत.

पण त्याच्या नव्या देशाला त्याचा जो लाभ झाला तो अशा हार-जितीपेक्षां मोठा होता. १९५०, १९५२ आणि १९५४ अशा लागोपाठ तीन ऑलिंपियाडमध्यें अर्जेंटिनानें दुसरा क्रमांक मिळविला. त्यांपैकीं पहिल्या दोन वेळीं पहिल्या पटावरचें सुवर्णपदक नायडॉर्फनें आणलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्याच्या संघांत एरिख एलिस्कासेस होता. हा तोच एलिस्कासेस, जो १९३९ सालीं जर्मनीच्या पहिल्या पटावर खेळत होता. ज्या दोन संघांना युद्धामुळें एकमेकांसमोर बसतां आलें नाहीं, त्यांतील दोन माणसें तेरा वर्षांनीं एकाच संघांत शेजारीं-शेजारीं बसलीं. त्या १९३९ च्या बोटीनें अर्जेंटिनाला काय दिलें, तें या एका दृश्यांत दिसतें.

त्याच्या नांवाच्या बचावाबद्दल दोन शब्द सांगावयास हवेत. सिसिलियन बचावांत काळा आपल्या पांचव्या खेळीला वजिराकडील हत्तीपुढलें प्यादें एकच घर पुढें सरकवितो. वरवर पाहतां ही खेळी भित्री वाटते. पण त्या एका घरामुळें पांढऱ्याच्या घोड्याला आणि उंटाला महत्त्वाची जागा मिळत नाहीं. काळ्याला वजिराच्या बाजूनें पुढें येण्याची तयारी करतां येते, आणि मध्यभागीं केव्हां धक्का द्यावयाचा हें ठरविण्याची मोकळीक राहते. ती खेळी नायडॉर्फच्या आधींहि कांहीं जण खेळले होते; पण ती सातत्यानें खेळून तिचें सामर्थ्य त्यानें दाखविलें, म्हणून नांव त्याचें पडलें. पुढें फिशर आणि कास्पारोव्ह या जगज्जेत्यांचें तें आवडतें शस्त्र झालें, आणि आपला विश्वनाथन् आनंदहि तें वारंवार वापरीत आला.

वयानें त्याचा उत्साह उणावला नाहीं. १९६२ सालीं हॅवाना येथील कापाब्लांका स्मृति-स्पर्धेंत पन्नाशी ओलांडलेला नायडॉर्फ पहिला आला. त्याच्या मागें राहिलेल्यांत स्मिस्लोव्ह आणि स्पास्की होते. १९७० सालीं बेलग्रेड येथें सोव्हिएट संघाविरुद्ध उर्वरित जगाचा सामना झाला, त्यांत साठीच्या उंबरठ्यावरच्या या गृहस्थानें माजी जगज्जेता ताल याच्याशीं चार डावांत बरोबरी केली. डाव चालू असतांना उठून फिरावें, इतरांचे पट न्याहाळावेत आणि ‘माझी बाजू कशी काय वाटते?’ असें दिसेल त्याला विचारावें, ही त्याची खोड सर्वत्र प्रसिद्ध होती. ब्वेनोस आयरेसच्या ‘क्लारिन’ या दैनिकांत तो दीर्घकाळ बुद्धिबळावर लिहीत असे. ४ जुलै १९९७ रोजीं स्पेनमधील मालागा येथें, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं, तो निवर्तला.

देशोधडीला लागलेल्या माणसाला दोन मार्ग मोकळे असतात. जें गमावलें त्याच्या आठवणींत झुरत बसणें हा एक, आणि तें विसरल्याचें सोंग करणें हा दुसरा. नायडॉर्फनें तिसरा धरला. जो खेळ त्याला घरापासून दूर घेऊन गेला त्याच्याशीं त्यानें वैर केलें नाहीं. त्याच खेळाला त्यानें आपला आवाज बनविलें, आणि ज्या देशानें आश्रय दिला त्याच्या पदरांत आपली विद्या टाकली. त्याच्या हांकेला हवीं होतीं त्या माणसांकडून ओ आली नाहीं. तरीहि आज जगांत कोठेंहि कोणी पांचव्या खेळीला तें प्यादें एक घर पुढें सरकवितो, तेव्हां ग्रोजिस्कच्या त्या मेंडेलचें नांव उच्चारलें जातें. ज्या राजवटीनें त्याच्या कुळाचें नांव पुसून टाकण्याचा चंग बांधला होता, तिला तेवढें मात्र साधलें नाहीं.